गिरणगावची मंडळी आणि आपला हंडा
(शताब्दी मेळाव्यात केलेलं भाषण)

मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. कीर्तनाला उभा राहतो तो संतांच्या आधारावर. आज माझं स्वतःचं बोलायचंय, म्हणून पाय जरा कापतात.

आपल्या दिंडीची जुनी वही काढा. वर्गणीच्या निम्म्या नावांपुढं ‘मुंबई’ लिहिलेलं आहे. आताच्या पोरांना वाटतं, ते कुणी शेठ लोक असतील. शेठ कसले! लालबाग, परळ, डिलाईल रोड, काळाचौकी इथले गिरणी कामगार ते. त्या सगळ्या भागाला गिरणगाव म्हणायचे. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिली गिरणी काढायला घेतली, १८५६ ला ती ताडदेवला सुरू झाली. पुढं चिमण्याच चिमण्या झाल्या. घाटावरचा आणि कोकणातला माणूस तिकडं लोटला, कारण इकडं वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे झालेले. माझा आजा गेला, बाप गेला, १९७५ ला मीही गेलो, बदली म्हणून. बदली म्हंजे पाळीच्या आधी गिरणीच्या दारात उभं राहायचं. कायमचा माणूस आला नाही तर आपल्याला काम, नाहीतर परत फिरायचं.

चाळीत आपल्या गावाची एक खोली होती. खोली एक आणि माणसं पंचवीस-तीस. पाळ्या तीन, म्हणून मावत होतो. रातपाळीवाला यायचा तवा दिवसपाळीवाला नुकता उठलेला. वळकटी गार होत नव्हती. जेवण खानावळवाल्या मावशीकडं, पैसे पगाराला. आषाढीला रजा मिळाली नाही तर वडाळ्याचा विठोबा हेच आमचं पंढरपूर. आमचा मृदंगवाला साचेखात्यातला. साच्यांच्या खडखडाटानं त्याचे कान गेलेले, पण हात कधी चुकला नाही. शनिवारी भजन रंगात यायचं आणि भोंगा झाला की अर्धे टाळ खाली ठेवून माणसं पाळीवर पळायची.

याच मंडळींनी पगारातून पैसे काढून तांबाकाट्यावरनं दिंडीसाठी तांब्याचा मोठा हंडा घेतला होता. खोलीतल्या सप्ताहाला तोच लागायचा, म्हणून तो मुंबईत असे आणि ज्येष्ठात आळंदीला येई.

१८ जानेवारी १९८२ ला संप झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी. अडीच लाख माणूस बाहेर. आम्हाला वाटलं, महिना-दोन महिने. आषाढी गेली, दिवाळी गेली. मागण्या खोट्या नव्हत्या, हे मी आजही म्हणतो. पण तवर कापड भिवंडीच्या मागावर निघायला लागलं होतं, आणि मालकांना कापडापेक्षा खालची जमीन मोलाची झाली. संप मागं घेतला असं कुणी सांगितलंच नाही. माणसंच एकेक करून वळकटी बांधून निघाली.

आता मुद्द्याचं. ‘हंडा चाळीतून चोरीला गेला’ असं वहीत लिहिलंय. ते खोटं आहे. हंडा मी विकला.

दिवाळी होऊन गेली होती. खोलीत अकराजण उरलो होतो. मावशीनं दहा महिने उधार घातलं, शेवटी तिच्याच घरात तांदूळ उरला नाही. पाचजणांनी ठरवलं. मी वयानं लहान, म्हणून डोक्यावर घ्यायला मी. घोंगडीत गुंडाळून भर दुपारी नेला. मोडवाल्यानं काट्यावर मावेना म्हणून हातोड्यानं चेपला. त्याच वर्षी कल्हई केली होती, आतून चकचकीत होता. किती रुपये आले ते आठवत नाही, तो आवाज आठवतो. निम्मे पैसे मावशीला दिले, निम्म्यांत दाणागोटा भरला.

खोलीची किल्ली आमच्या थोरल्या चुलत्यांकडं होती. ज्येष्ठात हंडा आला नाही तवा गावानं त्यांच्यावर ठपका ठेवला. कुणी म्हणालं, दारूत घातला. माळकरी माणूस तो! त्यांना खरं ठाऊक होतं. माझं लग्न ठरत होतं, म्हणून बोलले नाहीत. त्यापुढं जिवंत होते तवर दिंडीत शेवटच्या ओळीत चालले. मी मात्र पुढं कीर्तनकार झालो, हार घेतले, तुम्ही पाया पडलात.

दोन वर्षांमागं मुंबईला गेलो होतो. फिनिक्स मिलमध्ये आता बाजार आहे, आत गार हवा. आमच्या गिरणीच्या जागी काचेचा मनोरा. आपली चाळ पाडलीय, तिथं पत्रे ठोकलेत. पहारेकऱ्यानं विचारलं, ‘कोण पाहिजे, बाबा?’ काय सांगणार?

त्या पाचांतले चौघे गेले, मी राहिलो. या पुस्तकात वहीतली ती ओळ दुरुस्त करून छापा, आणि आमच्या चुलत्यांचं नाव हंडा सांभाळणाऱ्यांत घाला. यंदाच्या वारीत माझी जागा शेवटच्या ओळीत असावी, एवढी चोपदारांना विनंती.

रामकृष्ण हरी!