लाल विंचू आणि बारा क्रेडिट



सकाळपासून प्राणिशास्त्र, मानसशास्त्र, फार्मसी आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी या चर्चासत्रात आपापले पेपर वाचत आहेत. विषय सगळ्यांचा एकच, मेंदू. मी मागच्या रांगेत बसून होतो. मानसशास्त्राची विद्यार्थिनी बोलायला उभी राहिली की प्राणिशास्त्राची मुलं वही मिटत होती, आणि त्यांची पाळी आली की ही विद्यार्थिनी आपली वही मिटत होती. यात उद्धटपणा नव्हता. समोरचा काय बोलतोय ते कळतच नव्हतं. आज मी या न कळण्याबद्दल, आणि ते जिथं दूर व्हायला हवं त्या पीएच.डी.च्या कोर्सवर्कबद्दल बोलणार आहे.

नियम आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाची नोव्हेंबर २०२२ची नियमावली सांगते, किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क, त्यात किमान ५५ टक्के गुण, आणि पीएच.डी.ला कमीत कमी तीन व जास्तीत जास्त सहा वर्षं. प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट या नियमावलीनं काढली. वर्गातल्या शिकवणीचा हिशोब केला तर १२ क्रेडिट म्हणजे सुमारे १८० तास. हे तास नोंदवहीत भरतात, वर्गात भरतातच असं नाही. मी स्वतः विद्यार्थी असताना आमच्याकडे कोर्सवर्क म्हणजे सहा महिन्यांच्या सह्या होत्या. पुढे प्रबंध लिहायला बसलो तेव्हा त्या सह्यांची किंमत मला दोन वर्षांनी मोजावी लागली.

ज्यांचं नाव आपल्या विद्यापीठाला आहे त्या बाबासाहेब आंबेडकरांचं कोर्सवर्क आठवा. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचे २९ कोर्स घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४. प्रबंध सरकारी वित्तव्यवहारावर होता. तरी मानववंशशास्त्राच्या वर्गात बसून त्यांनी जातीवर निबंध लिहिला, आणि आज जग वाचतं ते तो निबंध. शेजारच्या विषयाच्या वर्गात बसण्यातून काय निघतं, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

आता मेंदूकडे येतो. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडजवळ सरकारी दवाखान्यात नोकरीला गेले. तिथं लाल विंचू चावलेली मुलं फुप्फुसात पाणी भरून त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत होती. या विषानं चेतापेशीतली सोडियमची दारं नीट बंद होत नाहीत. चेता सुटल्यासारख्या संदेश पाठवत राहतात, अंगात अॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो आणि हृदय थकतं. डॉक्टरांनी रक्तदाबावरचं प्रॅझोसिन हे औषध वापरलं, निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापली आणि त्या भागातले मृत्यू झपाट्यानं कमी झाले. याच विंचवाच्या विषातून १९९०मध्ये आयबेरिओटॉक्सिन वेगळं केलं गेलं. पोटॅशियमची एक विशिष्ट वाहिनी बंद करायला जगभरच्या मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळा ते आजही वापरतात.

मला विचाराल तर आपल्या कोर्सवर्कचा पहिला महिना या एका विंचवावर घालवावा. प्राण्याची ओळख प्राणिशास्त्राचा माणूस सांगेल, विषाची रचना रसायनशास्त्राचा, औषध फार्मसीचा, आणि रुग्णाची हकिगत घाटी रुग्णालयातला डॉक्टर. विद्यार्थ्याला त्या चौघांसमोर बसावं लागेल.

पण बसून कळायचं असेल तर थोडी पायाभरणी हवी. प्राणिशास्त्राचा विद्यार्थी मिलिव्होल्ट शब्दाला घाबरतो. चेतापेशीच्या आतली बाजू बाहेरच्या तुलनेत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट असते, हे तो पाठ करतो. पण तो आकडा कशाचा, ते त्याला सांगता येत नाही. एकदा मी अशा एका मुलाला पाणचक्कीवर घेऊन गेलो. डोंगराकडून मातीच्या नळांनी आलेलं पाणी उंचावरून खाली पडतं आणि जातं फिरतं. मी म्हणालो, पाणी अजून पडलेलं नाही पण पडायला टपलंय, ती उंची म्हणजे तुझा व्होल्ट. नळ जितका अरुंद तितका रोध. सोडियमची वाहिनी म्हणजे मध्येच उघडणारी झडप. पुढची गणितं त्यानं आपली आपण सोडवली.

संख्याशास्त्राबद्दल मात्र मला कळकळीनं बोलायचं आहे, कारण आपले बहुतेक प्रबंध तिथंच बुडतात. पाच उंदरांच्या मेंदूतून प्रत्येकी वीस पेशी मोजल्या की विद्यार्थी शंभर नमुने लिहितो. एकाच उंदराच्या वीस पेशी एकाच घरातल्या वीस माणसांसारख्या असतात. त्यांचं मत विचारून गावाचा कौल सांगता येत नाही. नमुने पाचच. हे कोर्सवर्कमध्ये कळलं तर प्रयोग वाचतो आणि उंदरांचे जीवही वाचतात. प्रयोग संपल्यावर कळलं तर हातात आकडेवारीची सजावट करण्यापलीकडे काही उरत नाही. प्राण्यांच्या नैतिकता समितीचा अर्ज हा म्हणूनच कारकुनी कागद नाही. किती प्राणी, का आणि तेवढेच का, याचं उत्तर देता देता विद्यार्थी आपला प्रश्न पहिल्यांदा नीट मांडतो.

दुसरी गोष्ट भाषेची. स्मरणशक्तीच्या चाचणीत आजची तारीख विचारतात. माझ्या आजीला तारीख कधीच सांगता आली नाही. पण आज एकादशी आहे, पोळ्याला किती दिवस उरले, कोणत्या सुनेचं माहेरपण कुठल्या महिन्यात झालं, हे ती अचूक सांगायची. शाळेत न गेलेल्या माणसाला शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं आणि तो अडखळला, तर दोष त्याच्या मेंदूचा की आपल्या कागदाचा? उत्तर भारतात बल्लभगढच्या खेड्यांमध्ये अशा चाचणीचं हिंदी रूप याच अडचणीतून तयार झालं. वाळूजच्या कामगारासाठी, कन्नड तालुक्यातल्या शेतकरी बाईसाठी अशी चाचणी मराठीत घडवून ती तपासून पाहणं, हा मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी कोर्सवर्कचा एक पेपरच व्हावा. संमतीपत्रही त्यानं स्वतः मराठीत लिहावं आणि ओळखीच्या कुणाला वाचून दाखवावं. ऐकणाऱ्याला कळलं नाही तर पुन्हा लिहावं.

अमेरिकेतल्या अनेक मेंदूविज्ञान विभागांत पहिल्या वर्षी विद्यार्थी दोन-तीन प्रयोगशाळांत काही महिने काम करतात आणि मग गाईड ठरवतात. आपल्याकडे आधी ‘सरांकडे जागा आहे का’ हे विचारलं जातं आणि विषय नंतर येतो. प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार. जागांची ही मर्यादा योग्यच आहे, पण विद्यार्थ्यानं मेंदू कधी हातात घेतलेला नसताना विषय कसा ठरवायचा? माणसाचा मेंदू सुमारे तेराशे ग्रॅमचा असतो. त्याचं ते वजन तळहातावर जाणवलं की पुस्तकातलं चित्र बदलतं. शरीररचनाशास्त्राचा विभाग घाटीत आहे, विद्यापीठ तिथून रिक्षानं थोड्याच मिनिटांवर. आमच्या पिढीनं हे अंतर तोडलं नाही, ही खंत मला आहे.

म्हणून एक विनंती करतो. नवा विभाग, इमारत किंवा अनुदान यांची वाट पाहू नका. एक चार क्रेडिटचा समाईक कोर्स करा, शनिवारी. एक शनिवार घाटीत, पुढचा विद्यापीठात. अभ्यास मंडळाची मान्यता मिळेपर्यंत तो क्रेडिटविना चालू द्या. मी निवृत्त आहे, शनिवार माझे मोकळे आहेत. चेतापेशीच्या पटलाचा पहिला तास मी घेईन. संख्याशास्त्रासाठी माणूस हवा आहे. दुपारच्या सत्राआधी कुणी मला येऊन भेटलं, तर तारीख आजच ठरवू.