पाऊल कुठं टाकायचं?

 कळंबहून आम्ही बोलतोय.

दर वेळी आपण कर्जाचे हप्ते, शेळ्यांचं लसीकरण, नाहीतर डाळीचं पॅकिंग यावर बोलतो. आज बासरीवर बोलायचंय. बासरी म्हटल्यावर उठून चुलीकडं जाऊ नका, कारण ही गोष्ट गटाच्या ठराव पुस्तकातूनच सुरू होते.

आमच्या गटात आम्ही 12 जणी. गेल्या वर्षी एका बैठकीत आमच्यातल्या एका ताईंनी लेकीसाठी 14 हजारांचं कर्ज मागितलं. कारण लिहायची वेळ आली तेव्हा ताई हळूच म्हणाल्या, "बासरी घ्यायचीय." बांबूची नव्हे, बँडमध्ये वाजवतात ती धातूची, कळा असलेली बासरी. लेक पुण्यात कॉलेजला आहे. तिथंच एका सरांकडं ती ही बासरी शिकते. पोलीस भरतीत बॅन्ड्समनची पदं निघतात, त्याची तिला तयारी करायचीय. त्याआधी पाश्चात्त्य संगीताची परीक्षा द्यायचीय.

बैठकीत गलका झाला. एक जण म्हणाली, "शेळी घेतली तर करडं देईल, बासरी काय देणार?" त्यावर दुसरी म्हणाली, "लग्नाला कर्ज देतो आपण, त्याला कुठं करडं होतात?" सगळ्या हसलो आणि ठराव मंजूर झाला. महिन्याला 1 हजार मुद्दल, वर व्याज. पण खरं सांगायचं तर मनातून आम्हालाही धाकधूक होती. पैसा सगळ्यांच्या घामाचा होता.

श्रावणात पंचमीला लेक घरी आली. संध्याकाळी ओट्यावर बसून रियाज करायची. एकच चाल पुन्हा पुन्हा. आम्ही विचारलं, "ही कुठली गं?" तेव्हा तिनं सांगितलेली गोष्ट तुम्हालाही आवडेल.

साधारण 1600 ते 1750 या काळातल्या युरोपच्या संगीताला बरोक म्हणतात. त्यातला मोठा माणूस म्हणजे जर्मनीतला योहान सेबास्टियन बाख. त्याची दुसरी बायको आना माग्दालेना. ती लग्नाआधीपासून दरबारात गाणारी होती. पुढं तिला 13 मुलं झाली. एवढ्या रगाड्यातही तिची गाण्यांची आणि चालींची एक वही होती. 1725 साली सुरू केलेली ही वही आजही जपून ठेवलेली आहे आणि तिच्यातली बहुतेक पानं आना माग्दालेनाच्याच हातची आहेत. आपल्या आयाबायांच्या ओव्यांच्या, आरत्यांच्या वह्या असतात ना, तशीच ही घरची वही. लेक वाजवत होती ती चाल त्या वहीतली. कित्येक वर्षं लोक ती बाखची समजत होते. नंतर उलगडलं की ती ड्रेस्डेनच्या क्रिस्तियान पेट्झोल्ड नावाच्या ऑर्गनवादकाची आहे. मुळात ती पट्ट्यांच्या वाद्यासाठी होती, आता शिकणारे बासरीवरही वाजवतात.

या चालीला मिन्युएट म्हणतात. मिन्युएट हे नाचाचं नाव आहे. फ्रान्सच्या राजदरबारात स्त्री-पुरुष जोडीनं हा नाच करायचे. पुढं नाच मागं पडला, चाली राहिल्या. लोक त्या बसून वाजवायला लागले, बसून ऐकायला लागले.

लेकीची अडचण इथंच होती. सर तिला म्हणाले होते, "तुझे सूर बरोबर आहेत, बोटं बरोबर आहेत, पण यावर कुणी नाचणार नाही." म्हणजे नेमकं काय करायचं, ते तिला उमगत नव्हतं. ती आणखी जोरात वाजवायची, नाहीतर आणखी भरभर. परीक्षा दीड महिन्यावर आली होती.

तिची आजी आत गहू निवडत बसलेली. वय सत्तरीच्या पुढं, शाळेचं तोंड बघितलेलं नाही. चार दिवस ऐकून ती बाहेर आली आणि म्हणाली, "काय वाजवायलीस गं? ह्यात पाय कुठं टाकायचा?"

लेक म्हणाली, "आजी, तीन-तीनचा ताल आहे. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन."

आजी म्हणाली, "तीन हायेत ते ऐकू येतंय. पर तू तिन्हीवर सारखंच मुसळ घालायलीस. कांडण करायलीस का नाचायलीस?"

आम्ही हसलो, पण आजीचं बोलणं नेमकं होतं. कांडताना प्रत्येक घाव सारखा पडावा लागतो, नाहीतर दाणा राहतो. नाचात तसं नसतं. नाचात एक पाय जमिनीवर पडतो तेव्हा दुसरा उचललेला असतो. जमिनीला टेकणं आणि जमिनीवरून सुटणं, या दोन्हींनी मिळून नाच होतो. लेकीच्या वाजवण्यात टेकणं तेवढं होतं.

पंचमीच्या रात्री आजीनं तिला फेरात ओढलं. खरं म्हणजे आम्हालाही ओढलं. अलीकडं आमचा फेर नावालाच उरला होता. मोबाईलला स्पीकर जोडायचा, गाणी लावायची आणि खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवायच्या. गुडघे दुखतात, मुली लाजतात, कारणं पुष्कळ. त्या रात्री आजी म्हणाली, "स्पीकर बंद करा." आणि तिनं पंचमीचं गाणं उचललं. आम्ही मागून धरलं.

पहिले दोन-तीन फेर नुसता गोंधळ झाला. मग पाय लागले. लेक मोजायला लागली. आमच्या त्या गाण्यात सहाची चाल निघाली. पहिल्या मात्रेला पाऊल आत, तिथं अंगाचा भार. दुसरी-तिसरी हलकी. चौथीला पाऊल मागं, भार कमी. पाचवी-सहावी जवळजवळ हवेतच. आणि पुन्हा पहिलीवर येण्याआधी गुडघा किंचित वाकतो. कुणी शिकवलेलं नाही, सगळ्यांचाच वाकतो. पाऊल पडण्याआधी ते येणार हे अंगाला कळलेलं असतं.

लेक एकदम थांबली. म्हणाली, "मिन्युएटचंही सहाचंच आहे!" मग तिनं फोनवर त्या जुन्या नाचाचं चित्रण दाखवलं. लिहिताना तीन-तीनचे भाग पाडतात, पण नाचणाऱ्याचं पाऊल दोन भागांवर मिळून पुरं होतं. सहा मात्रांत चार पावलं. आधी गुडघा वाकतो, मग अंग उचलतं. त्यांची पावलं आपल्यासारखी नाहीत, पोशाख नाही, रीत नाही. पण वाकणं आणि उचलणं आजीनं लगेच ओळखलं. म्हणाली, "ही बाई नीट नाचायलीया."

दुसऱ्या दिवसापासून रियाज बदलला. आधी बासरी बाजूला ठेवून चाल तोंडानं म्हणायची आणि अंगणात पावलं टाकायची. मग पावलं टाकत वाजवायची. शेवटी बसून वाजवायची, पण अंगात पावलं चालू ठेवून.

बासरीवर नेमकं काय बदललं तेही सांगतो. त्या चालीत पहिला सूर लांब आहे, मग चार छोटे सूर चढत जातात. पुढच्या तीन मात्रांत एक सूर येतो आणि मग खालचा एकच सूर दोनदा येतो. ते दोन सूर लेक आधी ठोकून वाजवायची. आता तिनं ते आखूड आणि हलके केले, कारण तिथं पाय हवेत आहे. दोन सुरांमध्ये कणभर मोकळी जागा सोडली. श्वासही आधी मध्येच कुठंतरी घ्यायची, तो आता पाऊल पुरं झाल्यावर घ्यायला लागली. फेरात आपणही ओळीच्या मध्येच दम घेत नाही, कडेला घेतो.

पहिल्या उत्साहात तिनं लय वाढवली होती. आजी म्हणाली, "पळायलीस का नाचायलीस?" मग लय पुन्हा खाली आली. नाचाचा जीव वेगात नाही, हे तेव्हा आम्हाला पटलं. सावकाश फेरही जिवंत असतो, आणि स्पीकरवरचं धडाधड वाजणारं गाणंही मेलेलं असू शकतं.

सरांना तिनं फोनवर वाजवून दाखवलं. त्यांनी मग एका जुन्या पुस्तकाबद्दल सांगितलं. योहान योआखिम क्वांट्स हा प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचा बासरीगुरू. त्यानं 1752 साली बासरी वाजवण्यावर मोठं पुस्तक लिहिलं. त्या वेळची बासरी लाकडी, आडवी आणि बहुधा एकाच कळेची असायची. म्हणजे आपल्या बासरीची चुलत बहीणच. क्वांट्स सांगतो की फुंकताना जीभ सगळीकडं सारखी लावायची नाही. कुठं "ती", कुठं "दी", कुठं "री". तबल्याचे बोल असतात, तसे हे जिभेचे बोल. भाराच्या सुराला कडक बोल, हलक्याला मऊ. कागदावर सारखे लिहिलेले सूरही तो अगदी सारखे वाजवायला सांगत नाही, मुख्य सूर जरा जास्त धरायला सांगतो. आणि लय कशी ठरवायची? हाताच्या नाडीवरून, मिनिटाला साधारण 80 ठोके धरून. आमच्या आजीनं हे पुस्तक बघितलेलं नाही, पण मुसळाची गोष्ट तीही तेच सांगत होती.

एक सावधगिरी मात्र सरांनी सांगितली. सगळ्या नाचांना एकच औषध चालत नाही. साराबांद नावाचा नाच संथ, त्यात पुष्कळदा दुसऱ्या मात्रेवर वजन येतं. जीग उड्या मारत जातो. हे आपल्यालाही ठाऊक आहे. फुगडीची चाल येडाईच्या आराध्यांच्या गाण्याला लावून बघा. येरमाळ्याला चैत्री पौर्णिमेला संबळाच्या ठेक्यावर आराधी बायका गातात, तिथं पाय वेगळाच पडतो. म्हणून आधी विचारायचं, हा नाच कुठला? मग पाऊल कुठं? आणि मग सूर.

आता निकाल सांगतो, कारण तुम्ही विचारणारच. लेक परीक्षेत पास झाली. पोलीस भरतीचं अजून व्हायचंय. त्यात धावणं आहे, लेखी आहे, सगळं आहे. एका चालीनं नोकरी मिळत नाही, हे आम्हालाही कळतं. कर्जाचे 9 हप्ते आले, 5 राहिलेत. एक हप्ता उशिरा आला, त्याचा दंडही ताईंनी भरला. शेळीचा हिशेब विचारणारी आमची मैत्रीण परवा म्हणाली, "करडं नाही झाली, पण फेर तरी परत आला."

खरंच आला. आता महिन्याच्या शेवटच्या बैठकीत हिशेब झाला की आम्ही दहा मिनिटं फेर धरतो. गुडघे दुखणाऱ्या कडेला बसतात, पण हातानं टाळी आणि मांडीवर पाऊल धरतात. आजीची गाणी आम्ही वहीत लिहून घेतोय. लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली. शब्द लिहिता येतात, पाऊल लिहिता येत नाही. तिकडं वही राहिली आणि नाच मागं पडला, म्हणून आज शिकणाऱ्याला तो चित्रणात नि पुस्तकात शोधावा लागतो. आपल्याकडं नाच अजून आजीच्या पायात आहे. वहीच्या आधी तो शिकून घेतला पाहिजे.

आना माग्दालेनाचं पुढं काय झालं, तेही सांगून ठेवतो. 1750 साली बाख वारला. त्यानंतर तिचे दिवस हलाखीत गेले. दान-मदतीवर जगून 1760 साली ती गेली. हे ऐकून आमच्या गटात सगळ्या गप्प झाल्या. मग एक जण म्हणाली, "तिचा गट असता तर?" एवढं ऐकून आमच्या खजिनदारबाईंनी त्या महिन्याची बचत लगेच गोळा केली.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढं करून बघा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला एक गाणं विचारा. शब्द नंतर लिहा. आधी तिला विचारा, "ह्यात पाऊल कुठं टाकायचं?" ती उठून दाखवेल. उठता आलं नाही तर बसल्या जागी हातानं दाखवेल. तुम्ही मात्र उठा.

पुढच्या वेळी पुन्हा हप्त्यांवर बोलू. नमस्कार.