सरकारी संशोधनाचा पैसा व रयतेची अवजारे

(औंढा नागनाथ तालुक्यातील शेतकरी व कारागीर मंडळींच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आम्ही आपणापुढे पैशाविषयी बोलणार आहोत. हा पैसा सावकाराचा नव्हे की बँकेचा नव्हे. तो आपला आहे. पण एकदा आपल्या हातून गेला की पुढे त्याचे काय होते हे आपण कधी विचारीत नाही. नवी यंत्रे व नवी साधने शोधून काढण्याकरिता सरकार दरसाल मोठी रक्कम खर्च करते. त्यास संशोधन म्हणतात. हा विषय शहरच्या विद्वानांचा, आपला नव्हे, असे समजून कोणी उठून जाऊ नये. तो आता आपल्या शिवाराच्या बांधाला येऊन भिडला आहे.

औंढ्याजवळ दुधाळ्याच्या माळावर 'लायगो-इंडिया' नावाचे यंत्र उभे राहावयाचे आहे, हे येथील लहान पोरही जाणते. केंद्र मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी त्यास तत्त्वतः मान्यता दिली, आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. त्याच वर्षी ११ मे रोजी पंतप्रधानांनी दिल्लीहून पायाभरणी केली. काम २०३० पर्यंत पुरे करावे असे ठरले आहे. परंतु हे यंत्र करणार तरी काय?

सुताराचा गुण्या आपण सर्वांनी पाहिला आहे. तसाच काटकोन जमिनीवर आखावयाचा, आणि त्याची एकेक बाजू चार किलोमीटरची. दोन्ही बाजूंनी पोलादी नळ घालावयाचे. माणूस वाकून आत चालू शकेल एवढे रुंद. नळातली हवा जवळजवळ सगळी काढून टाकावयाची. कोपऱ्यातून लेसरचा किरण दोन्हीकडे सोडावयाचा, टोकाच्या आरशांवरून तो परत येतो. दोन्ही किरण बरोबर जुळले तर दोन्ही बाजूंची लांबी कायम आहे, आणि जुळले नाहीत तर एक बाजू किंचित ताणली गेली. ती ताणते कोण? आकाशात कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन प्रचंड मृत तारे एकमेकांवर आदळले, त्याची लाट. विहिरीत धोंडा टाकला म्हणजे तरंग काठाला लागतो, तसे समजा. पण हा तरंग इतका बारीक, की चार किलोमीटरमध्ये जो फरक पडतो तो अणूच्या पोटातील प्रोटॉन नावाच्या कणाच्या जाडीचा दहा हजारावा हिस्सा! अमेरिकेतील अशा दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी ही लाट प्रथम टिपली, आणि २०१७ साली त्या कामाबद्दल तिघा शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच साली ऑगस्टमध्ये टिपलेल्या दुसऱ्या एका टकरीवरून असे दिसून आले की, सोन्यासारखे जड धातू अशा टकरींत तयार होतात. आमच्या सोनार बंधूंनी हे ध्यानात ठेवावे. त्यांच्या मुशीतला माल फार दूरच्या भट्टीतून आलेला आहे.

आता कित्येक जण म्हणतात, "विहिरी आटल्या असता ताऱ्यांचे कुजबुजणे ऐकावयास अडीच हजार कोटी कशाला?" आम्ही या मताचे नाही, हे स्पष्ट सांगतो. कुणब्याच्या, कोष्ट्याच्या, लोहाराच्या पोराने फक्त पोटाचा विचार करावा आणि आकाशाचा विचार दुसऱ्या कोणी करावा, ही शिकवण आपल्या वाडवडिलांना पुष्कळ मिळाली आहे. ती आता आपल्याच तोंडाने आपण का म्हणावी? शिवाय हे काम केवळ पोथीपांडित्याचे नाही. तेथील आरसे चाळीस किलोचे, आणि ते ओळंब्यासारखे एकाखाली एक असे चार टप्प्यांनी टांगावे लागतात, म्हणजे जमिनीचा हादरा आरशापर्यंत पोहोचत नाही. गवंड्याने यात काही ओळखीचे पाहिले नाही काय? किलोमीटरच्या किलोमीटर नळ जोडावयाचा आणि वेल्डिंगच्या टाक्यातून सुईच्या अग्राएवढीही हवा आत शिरू द्यावयाची नाही. ही हाताची विद्या आहे. औंढ्याच्या देवळाचे दगड ज्यांनी घडविले ते पाथरवट तिला परके नव्हते.

एक गोष्ट मात्र आम्हास बोचते. ही जागा का निवडली? येथे जमीन शांत आहे म्हणून. आगगाडी, मोठे कारखाने, अवजड वाहतूक यांपासून दूर आहे म्हणून. अमेरिकेत लिव्हिंग्स्टन येथे जवळच्या जंगलातील लाकूडतोडीच्या हादऱ्यांमुळे तेथील यंत्र कित्येक काळ दिवसा नीट चालविता येईना. मग हादरा शोषून घेणारी नवी योजना बसवावी लागली. आमची ही शांतता कोठून आली? मराठवाड्याच्या वाट्याला कारखाने आले नाहीत, यातून ती आली. ज्या मागासलेपणाबद्दल आम्ही आजवर गाऱ्हाणे केले, तेच या यंत्राच्या दृष्टीने आमचे भांडवल ठरले. यापुढेही या भागात मोठा गोंगाट करणारा उद्योग आणताना दहादा विचार करावा लागेल. तेव्हा आम्ही केवळ जमीन देत नाही, पुढच्या पिढ्यांच्या काही संधी देत आहोत. त्याचा मोबदला मागणे भिकेचे लक्षण नव्हे.

आणि पैसा कोणाचा? शहरात एक बोलणे फार ऐकू येते, की शेतकरी प्राप्तिकर भरीत नाही, मग त्याने सरकारी खर्चाविषयी का बोलावे? अहो, खताच्या पोत्यावर कर आहे, फवारणीच्या पंपावर आहे, ट्रॅक्टरच्या सुट्या भागावर आहे, पायातल्या चपलेवर आहे, साबणाच्या वडीवर आहे. लोहार पोलादाची पट्टी आणतो तेव्हाही कर भरूनच आणतो. ज्याची मिळकत थोडी त्याची सगळीच मिळकत खर्चात जाते, सबब त्याच्या रुपयातला कराचा हिस्सा काही हलका नसतो.

हा वाद नवा नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले त्यात हेच मांडले होते, की महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि विद्येवरचा खर्च वरच्या वर्गांवर होतो. गावच्या शाळेत असा मास्तर असावा, की ज्याला प्रसंगी नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची लाज वाटणार नाही, अशीही त्यांची मागणी होती. आम्हा मास्तर लोकांना हे वाक्य भिंतीवर लावून ठेवण्यासारखे आहे.

पुढे १९२३ साली इंग्रज सरकारने कापसाच्या गाठीमागे काही आण्यांचा उपकर बसविला. भरणारा व्यापारी किंवा गिरणीवाला, पण भार अखेर उतरतो कोठे हे कापूस विकणाऱ्यास सांगावे लागत नाही. त्या पैशातून १९२४ साली मुंबईत माटुंग्यास प्रयोगशाळा निघाली. तिने काम चोख केले. कोणत्या कापसाचे किती बारीक सूत निघेल हे तपासून नवे वाण पारखले, आणि ती संस्था आजही आहे. पण प्रश्न कोणाचा हाती घेतला? सुताचा. कापूस वेचणाऱ्या बाईच्या कंबरेचा प्रश्न मागे राहिला, तो आजही मागेच आहे. अमेरिकेतील वेचणी यंत्र मोठ्या सपाट शेतात एकदम फुटलेला कापूस ओढून घेते. आमच्याकडे तुकड्या-तुकड्यांची शेते, आणि बोंडे तीन-चार वेचण्यांत फुटतात. आमच्या शेताचे यंत्र आमच्यासाठीच कोणीतरी बसून शोधले पाहिजे. बाहेरून आणून ते भागत नाही.

आता आकडे पाहा. २०२०-२१ साली देशाच्या एकूण उत्पन्नातील दर १०० रुपयांमागे आपण संशोधनावर ६४ पैसे खर्च केले. दक्षिण कोरिया जवळजवळ पाच रुपये करतो, चीन दोन रुपयांच्या वर. त्या देशांत बहुतेक भार कारखानदार उचलतात. आमच्याकडे दहांत सहा हिस्से सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्यातून. केंद्राच्या मोठ्या शास्त्रीय खात्यांनी जे खर्चिले त्यात रुपयातले सुमारे ३० पैसे संरक्षणाला, १८ पैसे अवकाशाला, १२ पैसे शेतीला आणि ११ पैसे अणुशक्तीला गेले. देशाचे रक्षण नको असे कोण म्हणेल? पण निम्मी माणसे ज्या धंद्यावर जगतात त्यास रुपयात बारा पैसे, आणि त्यातही अवजारांचा हिस्सा लहान, हे बरोबर नाही.

जुलै २०२५ मध्ये सरकारने संशोधनाकरिता एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. खाजगी कंपन्यांना दीर्घ मुदतीने, अल्प किंवा शून्य व्याजाने पैसा मिळावा अशी ती आहे. कंपन्यांनी शोध लावावेत, आमची हरकत नाही. पण ज्या लोहाराने आपल्या भात्यापाशी कोळप्याची नवी पास बसवून पाहिली, त्याच्या हातात यातला रुपया कोणत्या वाटेने येणार?

आपल्याच जिल्ह्यात वसमतला हळद संशोधन केंद्रासाठी राज्य सरकारने २०२२ साली १०० कोटी मंजूर केले, हे चांगले झाले. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण हळद काढल्यावरचे कष्ट बायकांना विचारा. गड्डे फोडा, शिजवा, पंधरा दिवस उन्हात राखा, अवकाळी आभाळ आले की ताडपत्री घेऊन धावा. शिजण्यात कमी-जास्त झाले तर रंग जातो. थोड्या जळणात चालणारी, दोन-तीन एकरवाल्याला परवडणारी, वाफ अंगावर येणार नाही अशी शिजवणीची टाकी आणि पावसात न भिजणारे वाळवण, एवढे त्या केंद्राने पहिल्याने हाती घ्यावे. परभणीच्या कृषी विद्यापीठात बैलाच्या अवजारांवर काम झाले आहे; ती अवजारे गावच्या लोहाराकडे नकाशासह पोहोचली पाहिजेत, म्हणजे तो ती करील आणि सुधारीलही.

लायगोविषयी आमचे मागणे असे: नळ जोडण्याचे, यंत्र राखण्याचे, निर्वात पंपाचे काम शिकविण्याकरिता जिल्ह्यातील आयटीआयमध्ये खास वर्ग काढावा, आणि फिटर, वेल्डर, टर्नर झालेल्या आपल्या मुलामुलींना त्यात अगोदर घ्यावे. पहारेकऱ्याच्या व माळ्याच्या जागा तेवढ्या स्थानिकांना, असे होऊ नये. शाळांतील मुलांस यंत्र पाहावयास मिळावे, आणि सांगणाराने ते मराठीत सांगावे.

या सर्व गोष्टींचा ठराव आम्ही लिहून आणला आहे. तो येथे मेजावर ठेवतो. ज्यांना वाचता येते त्यांनी शेजाऱ्यास वाचून दाखवावा, आणि बायामंडळींनी हळदीच्या कलमात आणखी काय घालावयाचे ते सांगावे, कारण तेथे आमचा अनुभव तोकडा आहे. पुढील ग्रामसभेत तो प्रत्येक गावाने आपापल्या नावाने मांडावा. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांस, एक वसमतच्या केंद्रास, आणि एक आपल्या खासदारांस रजिस्टर टपालाने जावी. पोहोच सरपंचांनी दप्तरी जपून ठेवावी.