मामू, गणित मी बघते

कवीनं गणित शिकवायला बसलं की काय होतं, ते मला रनाळ्यात दहावीच्या एका मुलानं दाखवलं.

२०२०च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या. माझी भाची शिक्षिका. तिनं मोबाइलवर सांख्यिकीचे छोटे व्हिडिओ करायला घेतले. म्हणाली, 'मामू, तुमचा आवाज चांगला आहे. तुम्ही बोला, गणित मी बघते.'

पाठ्यपुस्तकात तीन शब्द: मध्य, मध्यक आणि बहुलक. मध्य म्हणजे आपली सरासरी. संख्या चढत्या क्रमानं मांडल्या की मधोमध येते ती मध्यक. सगळ्यांत जास्त वेळा येते ती बहुलक. मध्य आणि मध्यक यांत एका अक्षराचा फरक, आणि मोबाइलच्या आवाजात तोही विरून जातो. हे शब्द घडवणाऱ्यानं ते मोठ्यानं म्हणून पाहिले नसावेत!

पहिल्या व्हिडिओत मी नदी आणली, चंद्र आणला. शेजारच्या मुलानं पाहिला आणि विचारलं, 'चाचा, हाई गणित शे का कविता?'

मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्यूटोरियल' नावाचा प्रकल्प आहे, सॉफ्टवेअर शिकवणारा. तिथं संहिता आधी लिहितात आणि विषय न येणाऱ्या माणसाकडून तपासून घेतात. आमच्याकडे तो माणूस आयताच होता. मग चंद्र गेला.

दुसऱ्या खेपेला भाचीनं कागदावर पाच घरं काढली. चार घरं नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर कामाला जाणारी. कमाई महिन्याला ७, ८, ८ आणि ९ हजार. पाचवं घर बागायतदाराचं, ९८ हजार. बेरीज १ लाख ३० हजार, भागिले पाच. सरासरी २६ हजार! मध्यक मात्र ८ हजार.

मुलगा गप्प झाला. त्याची आई मिरचीचे देठ खुडायला जायची. थोड्या वेळानं म्हणाला, 'मंग आमना १८ हजार कोठे गयात?'

कुठेही गेले नव्हते. मुळात आलेच नव्हते. बागायतदाराचे पैसे सरासरीनं कागदावर पाचही घरांत सारखे वाटले होते, एवढंच. पण हे त्याला सांगताना माझा चांगला आवाज अडखळला. भाचीनं त्याला तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावला आणि व्हिडिओत घेतला. माझं वाक्य तीनदा घ्यावं लागलं. तिसऱ्या वेळी मागं कोंबडा आरवला. तो तसाच राहू दिला.