शेणावरची छत्री आणि मेंदूतली बैठक

पेठमध्ये पाऊस लागला की आपण अळंबीसाठी रान पालथं घालतो. गेल्या बैठकीत एक ताई हळूच म्हणाल्या, "पोरं मोबाईलवर बघून बोलतात, शेणावरची छत्री खाल्ली की रंग दिसतात. खरं का?"

आम्ही माहिती काढली. काही छत्र्यांत सायलोसायबिन नावाचं द्रव्य असतं. आपला मेंदू म्हणजे बचतगटांचं गाव. प्रत्येक गटाचं काम वेगळं, बैठक वेगळी. हे द्रव्य पोटात गेलं की गटातला मेळ सुटतो आणि सगळे गट एकदम एकमेकांत बोलू लागतात. मग भिंत हलते, वेळ कळत नाही, 'मी कोण' हेही सुटतं.

2024 साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने 7 निरोगी माणसांच्या मेंदूंचा असा अभ्यास छापला. बराचसा गोंधळ ओसरला, पण एक बदल काही आठवडे टिकला. उदासीच्या आजारावर याचा उपयोग होतो का, हेही डॉक्टर तपासत आहेत. पण तिथे मात्रा मोजलेली असते, डॉक्टर शेजारी असतो.

रानात कोण मोजणार? काही विषारी छत्र्या यकृत निकामी करतात, आणि उलट्या सहा-सहा तासांनी सुरू होतात. शिवाय सायलोसायबिनवर 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने बंदी आहे.

कुणी खाल्लंच, तर मारू नका, लपवू नका. त्रासाची वाट न बघता 108 ला फोन करा. उरलेली छत्री सोबत न्या. आणि आजच पोरांना जवळ बसवून हे सांगा.