लायसन कच्चं असताना

आपल्या गटांतल्या बऱ्याच जणी आता स्कूटी शिकतायत. डेअरीला दूध घालायचं असो, बँकेत गटाचा भरणा करायचा असो, कुणाची वाट बघायला नको. आम्हाला याचा आनंद आहे. म्हणूनच आज कच्च्या लायसनबद्दल, म्हणजे शिकाऊ परवान्याबद्दल बोलू.

हे लायसन 6 महिने चालतं. 30 दिवस झाले की पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. तोवर गाडीला पुढं आणि मागं पांढऱ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी एल अक्षर लावायचं. मागं एकाच माणसानं बसायचं, पक्कं लायसन असलेल्या शिकवणाऱ्यानं. शेजारीण नाही, लेकरू नाही. दहावीतला लेक गाडी छान चालवतो, पण तोही शिकवायला चालत नाही. उलट त्याच्या हातात गाडी दिली तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

काही जणी म्हणतात, "इथं डेअरीपर्यंत तर जायचंय, कोण बघतंय?" मैत्रिणींनो, प्रश्न पोलिसांचा नाही. विम्याच्या कागदात शिकाऊ चालकानं हे नियम पाळावेत अशी अट असते. नियम मोडलेला असताना अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईला हरकत घेऊ शकते. मग आपला दवाखाना आणि समोरच्याची भरपाई, दोन्हीचा भार घरावर येतो. गटात साठवलेली बचत एका दिवसात जाते. वर "बायकांना गाडी जमतच नाही" असं म्हणायला गाव मोकळं.

पक्कं लायसन मिळालं तरी पहिले काही महिने जपूनच चालवा. पदर, ओढणी खोचून घ्या. आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट घाला, पट्टा लावा. खडीवर आणि ओल्या रस्त्यावर एकदम ब्रेक दाबू नका, आधी वेग कमी करा. रात्री उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा असेलच असं धरू नका.

येत्या बैठकीला शिकणाऱ्या प्रत्येकीनं लायसन आणि विम्याचा कागद घेऊन या. तारखा आपण मिळून बघू. ज्यांचे 30 दिवस झालेत, त्यांनी तालुक्याला आरटीओचा कॅम्प कधी आहे ते विचारून परीक्षेची वेळ घ्या. जमल्यास सगळ्या एकत्रच जाऊ. परत येताना हातात हक्काचं लायसन असू दे.