शाळेतील मुले आणि गावची सेवा

(श्री भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात केलेले भाषण)



समितीने मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, हा मी माझा बहुमान समजतो. मी काही वक्ता नव्हे. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत, नोकरी तहसील कचेरीत, आणि लिहिण्याचा सराव म्हणाल तर टिपणी व जावक रजिस्टर एवढाच. तेव्हा काही अधिकउणे बोलले गेल्यास सांभाळून घ्यावे, ही विनंती.

देवळाविषयी बोलणारे माझ्यापेक्षा जाणते लोक येथे आहेत. मी बोलणार आहे ते देवळाच्या आवाराच्या भिंतीविषयी. ही भिंत बांधायला घेतली तेव्हा एका शनिवारी शाळेची मुले ओळीने उभी राहून हातोहात विटा देत होती. दृश्य मोठे गोड होते. कोणीतरी फोटोही काढला, तो या स्मरणिकेत आहेच. पण त्याच वेळी एक पालक तेथे आले आणि सर्वांसमक्ष म्हणाले, "मी पोरगं शाळेत शिकायला धाडलंय का हमाली करायला?" थोडी बोलाचाली झाली. काही जणांना त्यांचे बोलणे लागले. देवाच्या कामाला हमाली म्हणतो म्हणजे काय, असे म्हणून पुढच्या बैठकीत त्यांच्यावर बरीच टीका झाली. मी त्या बैठकीत होतो आणि गप्प बसलो होतो. आज सांगतो, त्या गृहस्थांचा प्रश्न योग्य होता.

तो योग्य का होता हे सांगण्यासाठी मला माझ्या शाळेत जावे लागेल. ती शाळा या गावची नव्हे. मी १९९६ साली एस.एस.सी. झालो. आमच्या वेळी शनिवारी शेवटचे दोन तास श्रमदान असे. गुरुजी वर्गात येत आणि कामे वाटून देत. काही मुलांना झाडू, काहींना पाण्याच्या बादल्या, काहींना फुलझाडांची आळी. मला वही मिळे. कोण आला, कोण नाही, कोणी काय केले ते मांडायचे. माझे अक्षर चांगले म्हणून वही मला दिली, असे मी कित्येक वर्षे समजत होतो. झाडू मात्र दर शनिवारी त्याच चार-पाच मुलांच्या हाती जात असे. ती मुले कोणत्या वस्तीतून येत हे मी सांगायची गरज नाही. येथे बसलेल्या प्रत्येकाला ते कळले आहे.

त्यांतला एक वर्गमित्र काही वर्षांपूर्वी मुलाच्या दाखल्याच्या कामासाठी आमच्या कचेरीत आला. मी टेबलाच्या अलीकडे, पुढे रजिस्टर उघडलेले. तो पलीकडे उभा. त्याने मला ओळखले आणि हसून म्हणाला, "काय रे, वही अजून तुझ्याकडंच?" चहा घेतला, गप्पा झाल्या, त्याचे कामही झाले. त्याच्या मनात राग नव्हता. पण त्या रात्री मला झोप आली नाही.

बंधुभगिनींनो, शाळेतून गावची सेवा करावी हा विचार नवा नाही आणि परक्याचाही नाही. आपल्या भागाला तर तो घरचाच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवत, आणि स्वयंपाक, झाडलोट, शेतीचे काम सर्वांनी मिळून करीत. अमक्याने झाडायचे आणि तमक्याने लिहायचे, ही वाटणीच अण्णांनी मोडून काढली. काम करणारा तोच शिकणारा आणि शिकणारा तोच काम करणारा. संत गाडगेबाबांचे तर नावच घ्यायला हवे. बाबा गावात येत ते हाती झाडू घेऊन. दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्नावर प्रश्न विचारीत. नुसता झाडू नाही आणि नुसते कीर्तनही नाही. दोन्ही एकाच माणसाच्या ठायी होते, ही गोष्ट आपण विसरतो.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. महात्मा गांधींनी तेथे नई तालीमचा विचार मांडला आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा अभ्यासक्रम तयार केला. सात वर्षांचे शिक्षण, मातृभाषेतून, आणि हातच्या उद्योगाच्या आधारे सारे विषय. पुढे १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोग बसला. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. कार्यानुभव आणि समाजसेवा हे शिक्षणाचेच भाग असावेत, असे त्या आयोगाने सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची सोय सुचविली आहे. म्हणजे कागद भरपूर झाले. मी कागदावर पोट भरणारा माणूस आहे, कागदाला नावे ठेवणार नाही. पण कागदावर 'कार्यवाही पूर्ण' असा शेरा कसा पडतो, ते मला चांगले ठाऊक आहे. कार्यानुभवाच्या तासाला घोटीव कागदाची फुले, आणि समाजसेवेच्या रकान्यात सर्वांना सरसकट 'अ' श्रेणी! मुलाला विचारावे, बाळ, तू काय सेवा केलीस? तर ते आईच्या तोंडाकडे बघते.

आता आपल्या गावात काय घडले ते सांगतो. त्या बोलाचालीनंतर सातवीच्या बाई समितीकडे आल्या. त्यांनी भांडण वाढविले नाही. त्या म्हणाल्या, मुले विटा उचलणार नाहीत, विटा मोजतील. भिंतीचा एक भाग सहा मीटर लांब, तीन मीटर उंच आणि वीस सेंटिमीटर जाड होता. मुलांनी टेप धरून मापे घेतली आणि घनफळ काढले, ते ३.६ घनमीटर आले. एका घनमीटरला साधारण ५०० विटा धरतात, म्हणजे १८०० विटा. मिस्त्रींच्या वहीत २१०० होत्या. मुले थेट मिस्त्रींपुढे जाऊन उभी राहिली, "काका, तीनशे विटा कुठं गेल्या?" मंडळी घाबरली, आता हे नवीनच प्रकरण! पण मिस्त्री मोठ्या मनाचे. त्यांनी मुलांना तुटक्या विटांचा ढीग दाखविला, पायरीजवळचा कट्टा दाखविला, तो मोजायला लावला. हिशेब जवळजवळ जुळला. घनफळाचा धडा त्या वर्गाला पुन्हा शिकवावा लागला नाही, असे बाई सांगतात. आणि देणगीदारांनाही सांगतो, आपल्या पैशाचा हिशेब सातवीच्या पोरांनी तपासलेला आहे. याहून कडक ऑडिट आमच्या खात्यातही होत नाही!

मग देवळामागची बारव आली. गाळ काढण्याचे काम मोठ्यांनी व यंत्राने केले. मुलांना त्यात उतरू दिले नाही, हे बरे झाले. मुलांनी दोराला हातहातावर गाठी मारल्या, खाली दगड बांधला, आणि दर पंधरा दिवसांनी पाणी किती आहे ते वहीत लिहू लागली. मोजताना एक शिक्षक आणि एक पालक जवळ असलेच पाहिजेत, असा नियम आहे. याबरोबर त्यांनी म्हाताऱ्या माणसांना विचारून १९७२ च्या दुष्काळात या बारवेची काय स्थिती होती तेही लिहून घेतले. ही बारव गावातल्या काही लोकांना त्या काळी कोणत्या पायरीपर्यंत उतरू देत, तेही एका आजींनी सांगितले. मुलांनी ते लिहिले. समितीतील एक-दोघांना ते खोडावेसे वाटले. खोडले नाही, याबद्दल मी अध्यक्षांचे जाहीर आभार मानतो.

तिसरी गोष्ट माझ्या खात्याची. सन २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची आहे, ज्याला ई-पीक पाहणी म्हणतात. पूर्वी तलाठी भाऊसाहेब करीत, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. शेतात उभे राहून फोटो काढायचा, पीक निवडायचे, क्षेत्र भरायचे. अनुदान, विमा, हमीभावाची खरेदी, सगळीकडे ही नोंद विचारतात. नोंद राहिली म्हणून कचेरीत हेलपाटे घालणारी म्हातारी माणसे मी रोज बघतो. गेल्या खरिपात हायस्कूलच्या नववीच्या मुलांनी दोन-दोनच्या जोड्या करून अशा घरांना मदत केली. आधी वर्गात सातबारा वाचायला शिकवला. नमुना सात म्हणजे मालकी, नमुना बारा म्हणजे पीक. हेक्टर आणि आर यांचे गणित केले. (दहावी झालेल्या किती जणांना स्वतःच्या घरचा सातबारा वाचता येतो, हात वर करा म्हटले तर आज मंडपात गडबड होईल, म्हणून विचारत नाही.) फोन शेतकऱ्याचा, शेतात हजर शेतकरी, मुलांनी फक्त दाखवायचे. आलेला ओटीपी मुलांनी विचारायचा नाही आणि म्हाताऱ्यांनीही कोणाला सांगायचा नाही.

जोड्या कशा लावल्या, ते महत्त्वाचे. हजेरीपटाच्या क्रमाने लावल्या. वाड्यातला मुलगा वस्तीतल्या घरी गेला आणि वस्तीतली मुलगी वाड्यातल्या आजोबांकडे. पहिल्या दिवशी एका घरी त्या मुलीला ओट्याखालीच थांबविले गेले, हे मी लपवून ठेवत नाही. नाव घेत नाही, कारण त्याच आजोबांनी चौथ्या दिवशी तिला स्वतः आत बोलावून चष्मा लावून सातबारा समजावून घेतला. मुले आल्यावर प्रत्येकाने वहीत लिहायचे: काय केले, काय अडले, काय नवीन कळले. त्या मुलीच्या वहीत ओट्याची गोष्ट आहे. शिक्षकांनी ती वर्गात तिच्या परवानगीने वाचून दाखविली आणि त्यावर तासभर चर्चा झाली. माझ्या मते त्या वर्षातला नागरिकशास्त्राचा खरा तास तोच.

त्या पालकांच्या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे. ज्या कामात मुलाला मोजायला, विचारायला आणि लिहायला मिळते, जे काम पाळीपाळीने सर्वांना करावे लागते, ते शिक्षण. नुसती ओळ करून विटा उचलायला लावल्या तर ती वेठच, मग ती देवाच्या दारी का असेना. हे गृहस्थ आज मंडपात आहेत. बारवेच्या मोजणीला जो पालक हजर राहतो, तो हेच गृहस्थ, हे मात्र पुष्कळांना माहीत नसेल.

समितीपुढे माझ्या दोन विनंत्या आहेत. एक, बारवेची वही पावसात भिजते, तिच्यासाठी सभामंडपात एक छोटे कपाट द्यावे. खर्च किरकोळ आहे, दानपेटीतून भागेल. दुसरी, शनिवारी देवळाचे आवार झाडण्याची जी पाळी मुलांकडे आहे, तिच्या यादीत समितीच्या सभासदांची नावेही असावीत. माझे नाव मी बाईंकडे दिले आहे. माझी पाळी येत्या शनिवारी आहे आणि वही त्या दिवशी सातवीतील एका मुलीकडे राहील. बारवेची पुढची मोजणीही त्याच दिवशी सकाळी आठ वाजता आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे, पायऱ्या ओल्या असतात, जपून उतरावे.